वकील गप्प झाला

आईची कढई देऊन माझ्या धाकट्या भावाने एक पक्षी घरी आणला, त्या दिवशी मी त्याला वेडा म्हणाले. तसं मी लहानपणापासून म्हणतच आलेय, पण त्या दिवशी मनापासून म्हणाले.

कढई साधीसुधी नव्हती. आम्ही आमचं गाव निकेरी सोडून राजधानीत, पारामारिबोला राहायला आलो, तेव्हा आईने ती अख्खा प्रवास मांडीवर धरली होती. दर रविवारी सकाळी पक्ष्यांच्या गाण्याचे सामने होतात त्या मैदानावर मी वडे तळते ते तिच्यातच. आणि हा रामधनी ती उचलून वागिमानच्या दारात ठेवून आला. वागिमान म्हणजे जंगलातून पक्षी धरून आणणारा. बदल्यात काय आणलं, तर ट्वाट्वा. काळा, मुठीएवढा, जाड चोचीचा. आमच्या ओसरीवर असले आधीच इतके टांगले होते की वाळत घातलेले कपडे काढायला मला वाकून जावं लागायचं.

"दीदी, मान कशी वाकडी करतोय बघ," रामधनी म्हणाला. "हा गाणार. लिहून ठेव."

"मागचाही गाणार होता. त्याच्या मागचाही."

"ते वेगळे होते गं."

"आणि कढई?"

"कढई काय, दुसरी मिळेल. असा पक्षी मिळणार आहे का?"

डोळे नुसते चकाकत होते त्याचे. मला राग आला की मी भांडी आपटते. त्या दिवशी आपटायला कढईच नव्हती, म्हणून झारा आपटला, पण त्यात काही दम नव्हता.

मुळापासून सांगते, नाहीतर तुमचंही डोकं माझ्यासारखं भंजाळेल. रामधनीने जन्मभर बस चालवली. त्याची बायको गेली, माझा नवरा गेला, तेव्हापासून आम्ही दोघं बहीणभाऊ एका घरात राहतो. तो मला दीदी म्हणतो, मी त्याला बबुआ म्हणते, आणि बाकी सगळा वेळ आम्ही भांडतो. घरात तिसरा होता तो वकील. वकीलही ट्वाट्वाच. एकदा तोंड उघडलं की समोरच्या पक्ष्याला बोलू म्हणून द्यायचा नाही, म्हणून हे नाव. रामधनी त्याला स्टिअरिंगशेजारी टांगून बस चालवायचा, बँकेत न्यायचा, दाढी करायला जाताना न्यायचा. आमच्याकडे सगळेच पक्षीवाले असे पिंजरा घेऊन हिंडतात. पक्षी माणसांत राहिला नाही तर ऐन सामन्यात त्याची दातखीळ बसते.

सामना काय, दोन पिंजरे शेजारशेजारच्या खांबांवर टांगायचे आणि मालकांनी मागे सरकून गप्प उभं राहायचं. पाव तासात ज्याचा पक्षी जास्त वेळा गाईल तो जिंकला. दर तानेला एमानुएल्स पाटीवर खडूने एक रेघ मारतो. हा एमानुएल्स रामधनीचा जुना दोस्त. पोस्टातून रिटायर झालेला उंच काळा गडी, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं हा आपल्यावर उपकार करतोय. पण रेघांच्या बाबतीत सच्चा माणूस. वकिलाच्या रेघा मारून त्याचा हात दुखायचा.

मग रामधनीचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग कोपरापर्यंत. त्याच हाताने तो पिंजरा धरायचा, त्यामुळे पिंजरा हलायचा आणि आतली पाण्याची वाटी तारांवर किणकिणायची. पिंजरा हलला की पक्षी बिथरतो, हे तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एमानुएल्सने त्याला डाव्या हातात धरायला लावलं, तर डावा हात चार पावलांत दमायचा. मी पिंजऱ्याच्या आकड्याला फडकं गुंडाळून दिलं. काही उपयोग झाला नाही. पण वकील गातच राहिला. सगळं मैदान म्हणायचं, काय जिगर आहे या पक्ष्याची, एवढे हादरे खाऊनही गातो. मीही तेच म्हणायचे. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सकाळी तो ओसरीवर चहा प्यायचा तेव्हा कप बशीवर वाजायचा. मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग मी जाऊन त्याचा कप धरायचे, शर्टाची बटणं लावून द्यायचे, आणि लावता लावता म्हणायचे, "किती वाजवशील रे, शेजारी उठतील." तो म्हणायचा, "दीदी, तू आहेस म्हणून माझा शर्ट अंगावर आहे." रोज हेच. नंतर तो पिंजरा हातात घेऊन दारापासून कालव्यापर्यंत चकरा मारायचा आणि मध्येच थांबून वकिलाला चिमटीने गवताचं बी भरवायचा. अर्धं वकिलाच्या तोंडात, अर्धं माझ्या झाडलेल्या जमिनीवर.

एके दिवशी तो जिन्यावरून पडला. घर खांबांवर, जिना उभा, आणि त्याचे पाय जागच्या जागी चिकटल्यासारखे झाले म्हणे. मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर च्यिन, बारीक चणीची मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिने त्याला चालवलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि गोळ्या लिहून दिल्या. त्या द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण हा औषध विसरण्यात पहिल्या नंबरचा.

गोळीने जादू झाली. हात थांबला. पाय सुटले. त्याने स्वतःची बटणं स्वतः लावली आणि मला बोलावून दाखवली. मी मंदिरात जाऊन लाडू वाटले.

आणि वकील गप्प झाला.

त्याच्या तोंडाला कुलूपच लागलं. खातोय, पितोय, पंख विंचरतोय, पण आवाज नाही. एमानुएल्स म्हणाला पिसं झडण्याचा मोसम असेल. कुणी म्हणालं म्हातारा झाला, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं शेजारी मादी टांगा. मादी टांगली. वकिलाने तिच्याकडे पाठ केली. मी मिरच्या ओवाळल्या, त्याला फक्त शिंका आल्या.

रामधनीला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण याने नवा पक्षी आणला. तो नाही गायला, तर आणखी एक आणला. मग त्याला थांबवताच येईना. जेवता जेवता उठायचा, पहाटे उठून वागिमानच्या दारात जाऊन बसायचा. आधी रेडिओ गेला, मग पाण्याच्या टाकीचा पंप, मग कढई. प्रत्येक पक्ष्याला तो त्याच चमकत्या डोळ्यांनी बघायचा. हा गाणार. रविवारी पक्षी मुका बसायचा, मैदान हसायचं, आणि हा घरी येताना शीळ घालायचा. जन्मभर याने पै-पैचा हिशेब ठेवला, बसचा एक टायर बदलायचा तर आठवडाभर विचार करायचा. हा माणूस कोण, तेच मला कळेनासं झालं. तोंडावळा तोच, आवाज तोच, दीदी म्हणणंही तेच. तरी जेवायला वाढताना मला परक्यासारखं वाटायचं.

मी त्याला दटावून डॉक्टरकडे नेलं. तो पिंजरा घेऊनच आला.

मी सगळं सांगितलं. डॉक्टरने त्याला विचारलं, "काका, गेल्या काही रविवारी काय काय झालं?"

रामधनी रंगात आला. एका पक्ष्याने एका रविवारी तीन ताना घेतल्या होत्या. त्या कशा घेतल्या, ऊन कुठून येत होतं, एमानुएल्सचा खडू कसा मोडला, सगळं त्याने करून दाखवलं.

"आणि हरलात ते?"

"हरलो असेन," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच त्यात काही सांगण्यासारखं दिसत नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडे वळली. "मौसी, मेंदूत एक रस असतो. वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं काही झालं की तो उसळतो, आणि मेंदू शिकतो की हे पुन्हा करायचं. वाटलं होतं ते मिळालं नाही की तो ओसरतो. मग मेंदू शिकतो की हे सोडायचं. काकांच्या डोक्यात हा रस आटत चाललाय, म्हणून हात थरथरतो, पाय अडकतात. गोळी त्याची जागा भरून काढते. पण ती भरलेलीच ठेवते. ओसरायचं तेव्हा ओसरू देत नाही."

"म्हणजे जिंकलेलं कळतं आणि हरलेलं कळत नाही?"

"साधारण तसंच. सगळ्यांना होत नाही. काहींना होतं."

"मग गोळी कमी करा."

"करता येईल. पण थरथर परत येईल, आणि सुरुवातीला माणूस उदास होतो. ठरवायचं काकांनी."

"ठरलंय," रामधनी म्हणाला. "गोळी चालू ठेवायची. मला झकास वाटतंय."

"डॉक्टर," मी म्हणाले, "हे हा बोलतोय की गोळी बोलतेय?"

ती हसली नाही. "याचं उत्तर माझ्याकडे नाही मौसी. आपण असं करू, थोडं थोडं कमी करत अर्ध्यावर आणू. तेव्हाही त्यांना हेच विचारा. बघू काय म्हणतात."

मला वाटलं, सुटलो. गोळी उतरली की माझा खरा बबुआ परत येईल आणि खरं काय ते सांगेल. काय माहीत होतं.

गोळी कमी होत गेली आणि थरथर परत आली. चकाकी गेली. त्याजागी दुसराच माणूस ओसरीवर येऊन बसला. हा खुर्चीतून उठायचा नाही, चहाला की पिंजऱ्याला हात लावायचा नाही. याला एकूण एक हरलेला रविवार आठवत होता, आणि जिंकलेला एकही नाही. वकिलाने जिंकलेले कपाटातले कप दाखवले तर म्हणाला, "समोरचे पक्षी आजारी असतील." साओतोचं, कोंबडीच्या सुपाचं वाडगं पुढे ठेवलं तर म्हणाला, "सांडणार." सांडायच्या आधीच चमचा खाली ठेवला.

मी विचारलं, "बबुआ, गोळी हवी की नको?"

"नको."

मला बरं वाटायला लागलं, तेवढ्यात तो म्हणाला, "काहीच नको. गोळी नको, पक्षी नको, वैद्य नको. मला विचारूच नकोस. मी ठरवलेलं काय नीट झालंय आजवर."

घ्या. आता याचं 'नको' धरायचं की त्याचं 'हवी'? एकाला फक्त ऊन दिसतं आणि एकाला फक्त चिखल, आणि दोघांच्या अंगात शर्ट एकच. एमानुएल्सला विचारलं तर तो म्हणाला, "दोघांच्या मधला कोणी आहे का बघ." म्हटलं, मी काय कपाटात शोधू?

त्यात रविवार आला. पूर्ण गोळीवर असताना रामधनीने वागिमानशी एक सौदा करून ठेवला होता. कोपेनाम नदीकडच्या जंगलातून नवा पक्षी येणार, आणि त्याच्या बदल्यात वकील द्यायचा. मला वाटलं होतं, हा उदास रामधनी तरी सौदा मोडेल. वकील म्हणजे त्याच्या बसचा सोबती. मी सकाळी म्हणाले, "वागिमानला सांगते की नाही जमत."

"दे त्याला," तो म्हणाला. "मुका पक्षी आणि थरथरता माणूस. एक तरी कमी होऊ दे घरातून."

एक भाऊ वकिलाला देणार कारण नवा त्याहून चांगला गाईल, दुसरा देणार कारण कोणीच कधी गाणार नाही. या दोघांचं आयुष्यात एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर. मी भांडले, रडले, शेवटी हात टेकले. पिंजरा मी स्वतः मैदानावर नेला आणि माझ्या वड्यांच्या टेबलावर ठेवला, म्हणजे निदान जाईपर्यंत जवळ राहील.

वडे त्या दिवशी उसन्या पातेल्यात तळत होते. बाहेरून करपलेले, आतून कच्चे. लोक खात होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. पलीकडे एमानुएल्स दोन पोरसवदा मालकांचा सामना मोजत होता. वागिमान बदामाच्या झाडाखाली नवा पिंजरा घेऊन आला आणि त्याने हात वर केला.

रामधनी उठला. पाय ओढत टेबलाशी आला. माझ्याकडे न बघता उजव्या हाताने पिंजरा उचलला. हात थरथरला, पिंजरा हलला, पाण्याची वाटी तारांवर किणकिणली.

वकिलाने मान लांब केली आणि तान घेतली.

माझ्या हातातला झारा तेलात पडला. रामधनी जागच्या जागी थांबला. वकिलाने दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि मग त्याला धरबंदच राहिला नाही. इतके दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर काढत होता. खांबावरचे दोन्ही पक्षी गप्प झाले. माणसं वळली. एमानुएल्सच्या लक्षातही नव्हतं, पण त्याचा खडू पाटीवर वकिलाच्या रेघा मारत होता.

वागिमान धावत आला. "हा तर गातोय की," म्हणत त्याने पिंजरा रामधनीच्या हातून घेतला. वागिमानचा हात दगडासारखा स्थिर. वकील थांबला. वागिमानने पिंजरा गदगदा हलवला. वकील तारांना चिकटून बसला, हूं नाही की चूं नाही. मग एमानुएल्सने खडू ठेवून पिंजरा घेतला, हळूच हलवून पाहिला. काही नाही. त्याने तो रामधनीच्या हातात परत दिला. वाटी किणकिणली आणि वकील सुरू झाला.

"भल्या माणसा," एमानुएल्स म्हणाला, "आपण थरथर लपवायला आकड्याला फडकं गुंडाळत होतो. हा पक्षी हाताचंच ऐकतोय. इतकी वर्षं आधी हात थरथरायचा आणि मग दाणे यायचे. त्याला काय माहीत हा आजार आहे? त्याच्या लेखी तीच जेवणाची घंटा."

रामधनी पिंजऱ्याकडे बघत होता. "मग इतके दिवस हा माझी वाट बघत होता?" तो म्हणाला. "मी तर समोरच होतो."

मला रडू आलं, आणि रडू येत असतानाच आनंदही झाला. तो आनंद कसला होता ते मी तेव्हा पाहिलं नाही. पुढे पाहावं लागलं.

सौदा मोडला. वागिमान म्हणाला, बाकीचे पक्षीही परत देणार असाल तर कढईसुद्धा घेऊन जा, बायको म्हणते वजनाने हात मोडला. मी त्याच दिवशी जाऊन पक्षी परत दिले आणि ती डोक्यावरून घरी आणली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

वकिलाच्या गाण्याने रामधनीला तरतरी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हात पुढे केला. "पूर्ण गोळी दे."

"का?"

"आता वकिलाची गोम कळली ना. आता त्याला स्थिर हातावर गायला शिकवतो. सोपं आहे. तोवर वागिमानकडचे ते दोन..."

त्याने हट्टच धरला, आणि मी दिली. डॉक्टरने ठरवायचं त्याच्यावर सोडलं होतं, मी कोण अडवणारी. हात थांबला, डोळे चकाकले, वकील गप्प झाला, आणि दिवस कलायच्या आत ओसरीवर दोन पिंजरे वाढले. माझ्या जुन्या छत्रीच्या बदल्यात.

मी चिडून स्वयंपाकघरात जाऊन बसले. आणि बसल्या बसल्या मला ते दिसलं. काल मैदानावर भावाचा हात थरथरला आणि मला आनंद झाला. वकिलाच्या गाण्याचा झाला, पण त्याच्याही आधी झाला. टेबलाशी आला आणि हात हलताना दिसला, तेव्हाच मला बरं वाटलं होतं. त्याने स्वतःची बटणं लावायला घेतल्यापासून मला दिवसभर कुणी 'तू आहेस म्हणून' म्हटलं नव्हतं. मग गोळी कमी व्हावी असं मला वाटतं, ते कढईसाठी, त्याच्यासाठी, की माझ्यासाठी? स्वतःच्या डोक्याची मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याला निदान गोळीवर ढकलता येतं. मी तर काहीच खात नाही.

मग एका दुपारी असं झालं. दुपारची गोळी उतरत आली होती, संध्याकाळची अजून घ्यायची होती. आम्ही जिन्याच्या पायरीवर शेंगा सोलत बसलो होतो. त्याचा अंगठा नुकताच हलायला लागला होता, नुसता अंगठा. त्याने ओसरीवरच्या पिंजऱ्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"दीदी, कढईला पोचा तर नाही ना आला?"

मी शेंग तशीच धरून राहिले. कढईबद्दल त्याने स्वतःहून विचारण्याची ही पहिलीच वेळ. डोळ्यांत चकाकी नव्हती आणि तो चिखलही नव्हता. एक टायर बदलायला आठवडा लावणारा माणूस माझ्या शेजारी बसला होता. हा किती वेळ राहील ते माहीत नव्हतं, म्हणून मी घाईने विचारलं.

"बबुआ, गोळी पूर्ण की अर्धी?"

त्याने शेंगा सोलल्या, टरफलं गोळा केली.

"अर्धी," तो म्हणाला. "उदास वाटेल, पण डॉक्टर म्हणते ते उतरतं. पक्षी सगळे सोडून दे. वकील ठेव."

"नक्की?"

"नक्की. पण ऐक. सकाळी मी पूर्ण मागेन. चांगलं गोड बोलून मागेन. तेव्हा देऊ नकोस."

"आणि भांडलास तर?"

"भांडेनच. तरी नको."

मी म्हणाले, "मी हे तुझ्या भल्यासाठी करेन की तू माझ्यावर टेकून राहावास म्हणून, ते मलाच कळत नाही रे."

"मला तरी कुठे कळतंय," तो म्हणाला. "पण मी आत्ता सांगतोय ना. हेच धर. बाकी सोड."

मी डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, पुन्हा थोडं थोडं खाली आणा, घाई नको. तसं आणत आणत अर्ध्यापर्यंत आलो. मधल्या प्रत्येक सकाळी तो मागायचा, गोड बोलून, आणि मी नाही म्हणायचे. शेवटी अर्धी हातावर ठेवली त्या सकाळी त्याने गोड बोलणं सोडलं.

"पूर्ण दे."

"नाही."

"माझी गोळी आहे."

"तूच सांगितलंयस."

"मी काही सांगितलं नाही. मी बरा असलो तर तुला करायला काय उरतं? माझा हात थरथरलेला तुला आवडतो. मला काय कळत नाही होय?"

मला कुणीतरी चापट मारल्यासारखं झालं. मी अर्धी गोळी आणि पाणी पुढे ठेवलं. त्याने घेतली, माझ्याकडे न बघता, आणि चहा घेऊन ओसरीवर गेला.

मी कढई घासायला घेतली. मनाशी पक्कं केलं की आज उठायचं नाही. बटणं त्याची त्याने लावावीत, उघडा बसला तरी बसू दे. म्हणजे त्यालाही कळेल आणि मलाही कळेल की मी हे कशासाठी करतेय. राख घेतली आणि खसाखसा घासत सुटले.

ओसरीवर कप बशीवर वाजला. लगेच वकिलाने तान घेतली.

"दीदी," रामधनी म्हणाला. आवाजात राग होता, पण गळ्याशी शर्ट धरून ठेवलेला होता.

मी त्याच्यासमोर उभी होते. माझ्या हाताला राख होती आणि बोटं पहिल्या बटणावर होती. मागे कढई अर्धी घासलेली पडली होती. तिथून उठायचं मी कधी ठरवलं, ते मला काही केल्या आठवेना.